खाली ठेवलेला पेला

मुफ्लेहच्या घरातली कॉफी गेलं वर्षभर संपलेली होती.

आता आमच्यासारख्या वाळवंटातल्या बदू माणसाच्या घरातली कॉफी संपते, असं कधी ऐकलंय कुणी? पीठ संपेल, गॅस संपेल, बायकोची सहनशक्ती संपेल. पण कॉफी? दारात पाहुणा बसलाय आणि कॉफी नाही, असं म्हणायची वेळ आली तर माणूस आधी शेळी विकेल. मुफ्लेह मात्र खुशाल म्हणायचा. गावातली वडीलधारी मंडळी ठेवणीतले कपडे घालून त्याच्या बैठकीत येऊन टेकली, की हा कपाळावर हात मारून घ्यायचा. "काय सांगू मंडळी, कालच संपली बघा!" आणि आतून चहा मागवायचा. चांगला, भरपूर साखरेचा. मंडळी एकमेकांची तोंडं बघत चहा प्यायची आणि उठून जायची.

त्याला कारण होतं. आमच्याकडे काही मागायला आलेला पाहुणा कॉफीचा पेला हातात घेतो आणि न पिता समोर खाली ठेवतो. "आमचं काम होतंय म्हणा, मग पितो." मुलगी मागायची असो, नाहीतर खून माफ करून घ्यायचा असो, रीत एकच. आणि तो पेला तसाच गार झाला, तर त्या यजमानाने पुन्हा चारचौघांत बसू नये. त्याच्या नातवंडांनासुद्धा लोक ऐकवतील. चहाला असली काही भानगड नाही. चहा म्हणजे नुसता चहा. ही पळवाट मुफ्लेहने स्वतः शोधून काढली होती आणि तिच्यावर तो भलताच खूश होता.

मंडळी यायची ती अव्वादच्या मुलासाठी, सुवैलमसाठी. मागायची ती मुफ्लेहची एकुलती एक मुलगी, फिद्दा.

अव्वाद आणि मुफ्लेह दोघेही खिरबेत जन्मलेले. खिरबा म्हणजे आमचं ते खाली दरीतलं पडकं शहर, जे बघायला जगभरातून लोक येतात आणि उन्हाने लाल होऊन जातात. जुन्या लोकांनी डोंगर कोरून केलेल्या गुहा आहेत तिथे, खांब आहेत, पायऱ्यापायऱ्यांचं गोल नाट्यगृह आहे. सरकारने वरच्या कड्यावर सिमेंटची घरं बांधून देईपर्यंत आम्ही त्या गुहांतच राहायचो. आता रात्री वर झोपतो आणि दिवसा खाली उतरतो. अव्वादची गाढवं आहेत, तो पर्यटकांना फिरवतो. मुफ्लेहचा नाट्यगृहाशेजारी कॉफीचा तंबू आहे. हो, तिथे कॉफी भरपूर. परदेशी माणूस ती पितो, तोंड वाकडं करतो, पैसे देतो आणि जातो. त्याच्यापासून काही धोका नाही.

तर एके दिवशी अव्वादने काय केलं, मुफ्लेह ज्या गुहेत जन्मला त्या गुहेकडे बोट दाखवून एका घोळक्याला ठणकावून सांगितलं, "इथे राजाची गाढवं बांधत असत." मुफ्लेह तिथेच तबक घेऊन उभा होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्याने अव्वादच्या गुहेकडे बोट दाखवलं आणि आपल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, "इथे मढी धूत असत." त्या गुहा खरोखर कशाच्या होत्या हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते केव्हाच मरून गेले होते, आणि जे ब्रश घेऊन माती झाडायला येतात ते विद्वान नुसतं 'बहुधा' म्हणतात. पण तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना.

गावाला वाटायचं, मुफ्लेह गाढवांपायी मुलगी अडवून बसलाय. मुफ्लेहही तसंच वाटू द्यायचा. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटायची.

खरं कारण होतं दुपारची हाक. फिद्दाची आई गेल्यापासून रोज दुपारी फिद्दा कड्याच्या टोकाशी येऊन उभी राहायची आणि खाली दरीत बापाला आवाज टाकायची. "याऽऽबा! जेवायला याऽऽ!" पोरीचा गळा असा, की अख्खं नाट्यगृह घुमायचं. मग "गोळी घेतलीत का?" मग "खोटं बोलू नका, पुडी इथेच आहे!" पर्यटक टाळ्या वाजवायचे. मुफ्लेह वर बघून हात झटकायचा, "ही पोरगी माझी अब्रू घालवणार," म्हणायचा आणि तंबूतल्या तंबूत हसायचा. अव्वादचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, कड्यापासून लांब. फिद्दा तिकडे गेली की ही हाक बंद. मग दुपार झाली हे त्याला कोण सांगणार? आणि झाली तरी काय करायची ती दुपार?

त्या दिवशी सकाळी फिद्दाने त्याच्यापुढे भाकरी आपटली.

"सुवैलमला अकाबाला हॉटेलात नोकरी लागतेय," ती म्हणाली. "परवा जातोय."

"जाऊ दे की. समुद्र बघेल."

"याबा, तुम्ही लोकांना चहा पाजत बसा. तो गेला तर मी काही बोलणार नाही. भांडणार नाही, रडणार नाही. बोलणारच नाही. आजपासून हाकसुद्धा मारणार नाही."

"बघू या की!" म्हणून मुफ्लेह ऐटीत उतरून गेला खरा. पण दुपार झाली, सावली खांबाच्या बुडाशी आली, आणि कड्यावरून काही आवाज आला नाही. मुफ्लेह तंबूबाहेर आला, वर बघितलं, आत गेला. पुन्हा बाहेर आला.

शेजारच्या फळीवर मण्यांच्या माळा विकणारी म्हातारी उम्म नहार हे सगळं बघत होती. तिच्या नजरेतून खिरबेतली पाल सुटत नाही.

"मान मोडेल रे मुफ्लेह," ती म्हणाली. "आज हाक नाही वाटतं आली?"

"तिचा घसा बसलाय."

"घसा नाही रे बाबा. तुझं डोकं बसलंय!"

मुफ्लेह तिला काहीतरी झणझणीत सुनावणार, तेवढ्यात एक गाढव तंबूपुढे येऊन थांबलं. अव्वादचं गाढव. कपाळावर निळा गोंडा, मुफ्लेह त्याला शंभरात ओळखेल. त्याच्यावरून एक जाडजूड, घामाघूम, टाय लावलेले वयस्क गृहस्थ खाली उतरत होते आणि त्यांना कमरेला धरून अलगद उतरवत होता सुवैलम. सुवैलमने मुफ्लेहकडे बघितलं, मान खाली घातली आणि गाढव घेऊन निघून गेला.

"सलाम शेखसाहेब!" गृहस्थ म्हणाले. "मी वगीह. अलेक्झांड्रियाचा. ट्राम खात्यात होतो, आता निवृत्त. आमच्या सौभाग्यवती त्या वरच्या देवळाच्या पायऱ्या चढायला गेल्यात, मला म्हणाल्या तुम्ही इथेच थांबा. गुडघे हो, दुसरं काही नाही. बाकी मी ठणठणीत!"

मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस! मुफ्लेहला जरा बरं वाटलं. मिसरी माणूस आला की करमणूक होते. त्याने उशी सरकवली, निखारा फुंकला, दल्ला, म्हणजे कॉफीची चोचदार किटली, उचलून आधी स्वतः घोटभर कॉफी चाखून बघितली आणि पेला भरून पुढे केला.

वगीहसाहेबांनी पेला घेतला. नाकाशी नेला. डोळे मिटले, खोल श्वास घेतला. मग डोळे उघडले, एक उसासा सोडला आणि पेला समोर सतरंजीवर खाली ठेवला.

मुफ्लेहने पेला बोटाने पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"घ्या ना," तो म्हणाला.

"असू दे, असू दे. घाई काय आहे?"

शेजारी उम्म नहारच्या हातातल्या माळा थांबल्या.

आता मुफ्लेहच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली. अव्वादचं गाढव. सुवैलमने जातीने आणून सोडलेला पाहुणा. गळ्यात टाय. या उन्हात खिरबा बघायला टाय लावून कोण येतं? टाय लावून माणूस मागणी घालायलाच येतो! गावातल्या मंडळींना चहा मिळतो म्हणून अव्वादने बेट्याने थेट मिसरहून माणूस मागवला. आणि आपण मूर्खासारखी त्याच्यापुढे कॉफी ठेवली!

"काय, कशी वाटली आमची खिरबा?" विषय दुसरीकडे नेण्यासाठी मुफ्लेह म्हणाला.

"छान आहे. किती जुनी म्हणालात?"

"दोन हजार वर्षं."

"हो का? आमच्याकडे दोन हजार वर्षांचं असलं तर त्याला नवीन बांधकाम म्हणतात," वगीहसाहेब म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग त्यांची नजर पुन्हा पेल्यावर गेली आणि हसू मावळलं. त्यांनी पेल्याकडे असं डोळे भरून बघितलं, की मुफ्लेहला वाटलं हा माणूस आता रडतोय.

"कॉफी निवतेय," मुफ्लेह म्हणाला.

"निवू दे."

या अल्ला! निवू दे म्हणतोय! असलं कडक बोलणारा माणूस मुफ्लेहने उभ्या जन्मात बघितला नव्हता. गावातली मंडळी निदान आधी पावसाचं, शेळ्यांचं बोलतात.

"तुम्हाला काय हवंय ते सरळ सांगा ना," मुफ्लेह म्हणाला.

"मला? मला काही नको हो. या वयात माणसाला काय हवं असतं?" वगीहसाहेबांनी खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. "मुलांचं सुख बघावं, एवढंच. तो मला घेऊन आला ना, तो सुवैलम, काय सोन्यासारखा पोरगा आहे! उतारावर गाढवाच्या पुढे स्वतः उलटा चालत होता, माझा तोल जाईल म्हणून. पण वाटभर एक अक्षर बोलला नाही. मी विचारलं, बाबा रे, कुणी मेलंय का तुझं? तर म्हणाला, अजून नाही, परवा."

उम्म नहार खोकली. तो खोकला नव्हता हे मुफ्लेहला कळलं.

"तुम्हाला मुलंबाळं?" वगीहसाहेबांनी विचारलं.

"एक मुलगी."

"मलाही एकच. दिली कुवेतला." वगीहसाहेबांनी टायची गाठ चाचपली. "अहो, मी वर्षभर मोडता घातला होता. मुलगा काळा आहे, मुलाचं नाक मोठं आहे, कुवेतला फार उकडतं. सगळ्यांना वाटायचं मी खडूस आहे. खरं सांगू? सकाळी कामावर जाताना ती माझा टाय बांधून द्यायची. मला बांधता येत नाही. मला वाटायचं, ही गेली की माझा टाय कोण बांधणार?"

मुफ्लेहचा हात दल्ल्यावर तसाच राहिला. हे याला कुणी सांगितलं? अव्वादला माहीत नाही, फिद्दाला माहीत नाही, उम्म नहारलासुद्धा माहीत नाही!

"मग?" त्याने कसंबसं विचारलं.

"मग काय? दिली. आता बायको बांधते. आवळून बांधते, पण बांधते."

कड्यावर अजूनही सामसूम होती. पेल्यातून वाफ यायची थांबली होती. मुफ्लेहने पेल्याकडे बघितलं, कड्याकडे बघितलं, मग पेल्याकडे. त्याच्या बापाच्या, आजाच्या पुढ्यात कधी कुणाची कॉफी गार झाली नव्हती. आणि हा माणूस, जो समुद्र ओलांडून आला, ज्याला मनातलं कळतं, तो काही उठणार नव्हता.

"दिली!" मुफ्लेह एकदम ओरडला. "दिली मुलगी! प्या आता!"

वगीहसाहेब दचकून उशीवरून घसरले.

"मला?" त्यांची बोबडीच वळली. "अहो शेखसाहेब, काय बोलता! माझी बायको पायऱ्यांवर आहे!"

"तुम्हाला कशाला? सुवैलमला!"

"गाढववाल्याला?"

"गाढववाल्यालाच! प्या!"

वगीहसाहेबांनी चारही बाजूंना बघितलं. एवढा मोठा माणूस डोळ्यांत पाणी आणून पेल्याकडे बोट दाखवतोय, एका पेल्यापायी पोटची मुलगी देऊन मोकळा होतोय. आता नाही म्हणणं बरं दिसेल का? नाहीतरी जीव त्या पेल्यातच अडकला होता. त्यांनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. "आऽहा!" म्हणाले आणि पुन्हा भरायला पेला पुढे केला.

उम्म नहारने तोंडावर हात धरून जो आनंदाचा चीत्कार फोडला, तो नाट्यगृहातून तीनदा फिरून परत आला. मग तिने झग्यातून मोबाइल काढला आणि वर गावात कुणाला तरी ओरडून सांगू लागली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून हाशहुश करत मादाम इन्साफ उतरल्या. नवऱ्याच्या हातात पेला बघून त्यांनी हातातली पाण्याची बाटलीच टाकली.

"वगीह! कॉफी? अहो डॉक्टरांनी काय सांगितलंय? आईच्या कबरीची शपथ घेतली होतीत ना!"

"अगं, मी खाली ठेवला होता! तासभर खाली ठेवला होता, विचार यांना! वासच घेत होतो फक्त. पण यांनी इतका आग्रह केला..."

"डॉक्टरांनी?" मुफ्लेह म्हणाला. "म्हणजे... तुम्हाला अव्वादने नाही पाठवलं?"

"अव्वाद कोण?" वगीहसाहेब म्हणाले.

मुफ्लेह मटकन खाली बसला. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते असं. वर्षभर अख्ख्या गावाला चहा पाजला, आणि शेवटी एका ब्लडप्रेशरच्या पेशंटपुढे मुलगी देऊन बसला!

उम्म नहार उठून जवळ आली. तिने फोनवर हात दाबून धरला होता.

"मुफ्लेह," ती हळू आवाजात म्हणाली. "पेला काही मागणीचा नव्हता. त्यामुळे तुझा शब्दही शब्द नाही. तू म्हणत असशील तर मी सांगते, म्हातारीला ऐकू कमी येतं, चुकून ओरडले. बोल लवकर."

मुफ्लेहने तोंड उघडलं. आणि त्याच वेळी वरून, कड्याच्या टोकावरून, सगळी दरी दणाणून टाकत आवाज आला.

"याऽऽबा! जेवायला याऽऽ! किती वाजले बघा! गोळी घेतलीत काऽऽ?"

मधेच तो आवाज फाटला. पोरगी रडत होती की हसत होती, खालून कळत नव्हतं.

"फोन ठेव, म्हातारे," मुफ्लेह म्हणाला. त्याने डोक्यावरच्या फडक्याच्या टोकाने डोळे पुसले. "आणि तुला चांगलं ऐकू येतं."

सूर्य कलल्यावर गावातल्या मंडळींनी वेगळीच वरात बघितली. मुफ्लेह स्वच्छ कपडे करून एकटाच गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाला होता आणि थेट अव्वादच्या बैठकीत शिरला. अव्वाद गडबडून उठला. काय बोलावं कळेना, म्हणून त्याने जे कुणालाही सुचतं तेच केलं. कॉफी ओतली आणि पेला पुढे केला.

मुफ्लेहने पेला घेतला आणि खाली ठेवला.

मुलीचा बाप मुलाच्या दारात पेला खाली ठेवतो, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. सुवैलम कोपऱ्यात पांढराफटक पडला.

"कळलं मला," अव्वाद घाईघाईने म्हणाला. "ती गुहा ना? अरे, उद्यापासून ती राणीचा महाल! राजाची लाडकी राणी तिथे केस विंचरायची, असं सांगतो. झालं? पी आता."

"मसणात गेली गुहा. गाढवं बांध, नाहीतर घोडे बांध."

"मग काय हवंय तुला?"

मुफ्लेहने मान खाली घातली. एवढ्या माणसांत हे बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं.

"तुझं घर कड्यापासून लांब आहे," तो म्हणाला. "दुपारी तिला एवढं चालत यावं लागेल. ऊन असतं. पण तिला येऊ देत जा. एक हाक मारून गेली की झालं. जेवण नाही आणलं तरी चालेल, अव्वाद. नुसती हाक."

अव्वादचीही बायको जाऊन आता काळ लोटला होता.

"पी बाबा," तो म्हणाला. "गार होतेय."

मुफ्लेहने पेला उचलला.

लग्न झालं. वगीहसाहेबांना निमंत्रण गेलं, त्यांनी टाय पाठवला. तो मुफ्लेहने तंबूच्या खांबाला बांधलाय. आणि लग्नानंतरच्या पहिल्या दुपारी, सावली खांबाच्या बुडाशी आली तेव्हा मुफ्लेह बाहेर येऊन उभा राहिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरून आवाज पडला, "याऽऽबा! जेवायला याऽऽ!" आणि लगोलग दुसरा, "मामंजीऽऽ! तुम्हीही! दोघांनी न भांडता याऽऽ!"

गाढवं बांधायच्या जागेतून अव्वाद उठला, तंबूपाशी आला आणि दोघे म्हातारे एकमेकांकडे न बघता चढ चढू लागले.

"गोळी घेतलीस का?" अर्ध्या चढावर अव्वादने विचारलं.

"घेतली," मुफ्लेह म्हणाला.

"खोटं बोलू नकाऽऽ!" वरून आवाज आला.